एका मतातले ‘हे’

कर्वेनगरातल्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून आत आले, खुर्चीत बसले आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाले, “बाई, तुम्हांला निवडणूक अधिकारी केलंय.”

“मला? अहो, मी इथं धड कुणाला ओळखतसुद्धा नाही.”

“म्हणूनच. तुमचं अजून कुणाशी वाजलेलं नाही. असं सोसायटीत एवढं एकच घर उरलंय.”

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. शाळेत मॉनिटर निवडायला मुली हात वर करतात, यापलीकडे मला निवडणुकीचा अनुभव नव्हता. पण सेक्रेटरी उठून दाराशी पोचले होते. त्यांच्या दृष्टीनं चर्चा संपली होती.

सोळा घरांची सोसायटी. आजवर तिथं निवडणूक झालेलीच नव्हती, कारण चेअरमन व्हायला कुणी तयार नसे. सर्वसाधारण सभेला जो गैरहजर राहील त्याला चेअरमन करायचं, अशी प्रथा होती. त्यामुळे सभेला हजेरी उत्तम असे. यंदा मात्र दोन माणसं आपण होऊन उभी राहिली होती, आणि दोघांच्या मधे होतं एक जांभळाचं झाड.

झाड आवारात, फाटकातून आत येताना उजव्या हाताला. मे संपत आला की ते जांभळं ढाळायला लागे, आणि खाली लावलेल्या स्कूटरची सीट, दांडीवरचे कपडे, पोरांचे तळपाय, सगळं एका रंगाचं होऊन जाई. त्या काळी स्कूटर नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळे. सून पसंत करताना झाली नसेल एवढी घासाघीस करून लोकांनी तिचा रंग ठरवलेला असे. म्हणून निम्म्या सोसायटीचं म्हणणं, झाड पाडा आणि तिथं स्कूटरसाठी पत्र्याची शेड बांधा. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, शेड कुठंही बांधा, झाडाला हात लावाल तर याद राखा.

शेडवाल्यांचे उमेदवार होते सरकारी बांधकाम खात्यातून त्याच वर्षी निवृत्त झालेले ओव्हरसिअर. निवृत्तीनंतर देखरेख करायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरावर देखरेख करत. आमची आणि त्यांची भिंत एक होती. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे की वापराप्रमाणे, यावरचा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, संवाद मी भिंतीपलीकडून रोज ऐकत असे. काकूंचा त्यात वाटा एवढाच, “बरं.”

झाडवाल्यांचे उमेदवार होते निवृत्त हेडमास्तर. हे नोटीस बोर्डावरच्या प्रत्येक सूचनेतलं शुद्धलेखन लाल शाईनं तपासत. पाणी किती वाजता येणार याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ‘पाणी’तला ‘णी’ ऱ्हस्व आहे की दीर्घ एवढंच ते बघत.

गंमत म्हणजे हे दोघं जिवलग मित्र. रोज पहाटे टेकडीवर जात, परत येताना हेडमास्तरांकडे चहा घेत. संध्याकाळी ओव्हरसिअर पुन्हा हेडमास्तरांकडे येत आणि पुन्हा चहा होई. निवडणूक लागल्यावर दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. टेकडीवर जाणं मात्र चालू होतं. फक्त एक पुढं आणि दुसरा हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर मागं. आणि चहाही चालू होता. दोन्ही वेळचा, हेडमास्तरांकडेच, समोरासमोर बसून, न बोलता. चहाशी कुणाचं भांडण नव्हतं.

प्रचार नोटीस बोर्डावर झाला. ओव्हरसिअरनी लिहिलं, ‘शेड झाल्यास स्कूटर सुरक्षीत.’ दुसऱ्या दिवशी ‘क्षी’वर लाल गोल, शेजारी ‘क्षि’, आणि खाली, ‘झाडाला पेट्रोल लागत नाही.’ त्याखाली ओव्हरसिअर: ‘झाडावर बसून कचेरीत जाता येत नाही.’ ज्यांच्या शेतात ही इमारत उभी राहिली होती ते जमीनमालक दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांना दोन्ही बाजूंनी विचारून झालं. ते म्हणाले, “झाड माझ्या आज्यानं लावलेलं हाय. पर त्याच्या सावलीत म्हशी बसत्यात का स्कूटरी, त्याला काय फरक पडतोय?” हे मत कुणाच्या बाजूचं, ते कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून दोघांनीही ते आपल्या खात्यात धरलं.

उपविधींप्रमाणे घरटी एक मत होतं. पण सभेत बायकांनी विचारलं, जांभळाचे डाग आम्ही धुतो, मत नवऱ्यांनी का द्यायचं? यावर ओव्हरसिअर ताबडतोब म्हणाले, “अगदी बरोबर. घरटी दोन मतं.” डाग धुणाऱ्या बाया आपल्यालाच मत देणार, असा त्यांचा हिशेब. हेडमास्तरही तितक्याच ताबडतोब म्हणाले, “माझं अनुमोदन.” बायका दुपारी झाडाच्या सावलीत बसून शेंगा सोलतात, असा त्यांचा हिशेब. नियमात हे बसत नव्हतं, पण कुणी तक्रार करायची नाही असं एकमतानं ठरलं. त्या वर्षातला तो एकमेव एकमताचा ठराव.

मतदान रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत झालं. एका कोपऱ्यात चादर टांगली, मागं स्टूल आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. मतपत्रिका कार्बन लावून मीच टाइप करून आणल्या होत्या: वर हेडमास्तरांचं नाव, खाली ओव्हरसिअरचं, समोर चौकट, हव्या त्या चौकटीत फुली मारायची. पेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी दिला. त्यांचं बुधवार पेठेत घड्याळांचं दुकान होतं, आजोबा-पणजोबांपासूनचं. सोसायटीत एकुलतं एक मुसलमान घर त्यांचं, आणि पुणेरीपणात ते आम्हां सगळ्यांचे गुरू शोभावेत असे. डबा देताना ते मला म्हणाले, “बाई, डबा परत द्या. चेअरमन नाही दिला तरी चालेल.” मोजणीला साक्षीदार म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांचंच नाव सुचवलं.

एक बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. बाकी एकूणएक मतं पडली. एकतीस.

जेवणं उरकून मोजणीला बसलो, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पलंगावर बायका, दारात पुरुष, खिडकीच्या बाहेरून पोरं. टेबलाच्या एका टोकाला ओव्हरसिअर, दुसऱ्या टोकाला हेडमास्तर. मी एकेक चिठ्ठी उघडायची, नाव वाचायचं, घड्याळवाल्यांनी बघून मान हलवायची आणि ती ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यावर ठेवायची. गठ्ठे अगदी जोडीनं वाढत गेले. पंधरा इकडे, पंधरा तिकडे. डब्यात एक चिठ्ठी राहिली.

मी ती उघडली आणि नाव वाचायचं सोडून नुसतीच बघत बसले.

“काय झालं?” दोन्ही टोकांकडून एकदम आवाज.

फुली स्वच्छ होती, ओव्हरसिअरच्या चौकटीत. पण त्याखाली, पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं, “हे सकाळ-संध्याकाळ बाहेर राहतील तर फार बरं होईल.”

मग पलंगावरून पहिलं हसू फुटलं, आणि मग खोली आवरेना. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकू पलंगाच्या कडेला बसून लोकरीचं काहीतरी विणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हेडमास्तर उभे राहिले. “बाई, हे मत बाद आहे. मतदार ओळखू येईल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर असता कामा नये. नियम आहे.”

“कुठं ओळखू येतंय?” ओव्हरसिअर म्हणाले. “अक्षर कुणाचं आहे ते सांगा.”

“अक्षराचा प्रश्नच नाही. ‘हे’ पाहा. मराठी बाई ‘हे’ कुणाला म्हणते?”

“कुणालाही म्हणेल! ‘हे’ सर्वनाम आहे. तुम्हीच जन्मभर शिकवलंत ना पोरांना? हे टेबल म्हणतो आपण. मग टेबल काय नवरा झालं?”

“‘हे टेबल’ यात ‘हे’ दर्शक विशेषण आहे,” हेडमास्तर म्हणाले. “इथं नाम नाही. नुसतं ‘हे’. नुसतं ‘हे’ म्हणजे नवरा.”

इतक्या दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि बोलत होते ते व्याकरणावर. घड्याळवाले माझ्या कानाशी म्हणाले, “बाई, जांभूळ तेवढ्यात म्हातारं होऊन पडेल.”

ओव्हरसिअरची मोठी पंचाईत झाली होती. ते मत धरलं तर ते सोळा-पंधरा असे जिंकत होते. पण धरायचं, तर आपण सकाळ-संध्याकाळ घराबाहेर राहिलेलं कुणाला तरी फार बरं वाटणार आहे, हे सगळ्या सोसायटीसमोर मान्य करायचं. आणि ते कुणी तरी ‘हे’ म्हणणारं! शेवटी ते पलंगाकडे वळले.

“खरं सांग. तू लिहिलंस?”

काकूंनी एक ओळ पुरी केली, सुई फिरवली आणि म्हणाल्या, “मतदान गुप्त असतं. काल तुम्हीच मला समजावून सांगितलंत.”

पुन्हा हशा झाला. ओव्हरसिअर मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की हसणारे आपोआप गप्प झाले. ते मला म्हणाले, “बाई, बाद करा ते. मला नको.”

आता खरं तर प्रश्न मिटला होता. पंधरा-पंधरा, चिठ्ठ्या टाकून नाव काढायचं, मोकळं व्हायचं. पण हेडमास्तर त्यांच्याकडे बघत उभे होते. ते सावकाश म्हणाले, “बाद कसं करता येईल?”

“तुम्हीच म्हणालात ना मघाशी!”

“मघाशी म्हणालो. पण बाद केलं तर मतदार ओळखू आला असं आपण लेखी मान्य केल्यासारखं होईल. ते बरं नाही. ‘हे’ सर्वनामही असू शकतं. बाई, धरा ते मत.”

“धरू नका,” ओव्हरसिअर म्हणाले.

“धरा.”

“अहो, मी उमेदवार आहे! माझं मत मला नको तर तुम्ही कोण?”

“मी प्रतिस्पर्धी आहे! माझी हरकत मी मागे घेतली!”

म्हणजे आधी दोघं जिंकण्यासाठी भांडत होते, ते आता त्याच आवाजात हरण्यासाठी भांडायला लागले. तेवढ्यात हेडमास्तरांच्या पत्नी पलंगावरून उठल्या. “तुमचं चालू द्या. मी तोवर चहा टाकते,” असं म्हणून त्या माझ्याच स्वयंपाकघरात गेल्या. चहासाखर कुठं आहे, हेही त्यांनी विचारलं नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एकदम आठवलं की अधिकारी मी आहे. शाळेत उत्तरपत्रिकेच्या शेवटी मुली कधीकधी लिहितात, ‘बाई, कृपया पास करा.’ त्यासाठी आपण उत्तराचे गुण कापत नाही. ते वाक्य बाजूला ठेवतो आणि उत्तर तपासतो. मी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, “या चिठ्ठीत मतं दोन आहेत. वरचं मत म्हणजे फुली. ती स्पष्ट आहे आणि मला तेवढंच मोजायचंय. खालचं मत हे ज्याचं त्याचं मत आहे. ते मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही. सोळा विरुद्ध पंधरा. ओव्हरसिअर निवडून आले.”

घड्याळवाल्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी गठ्ठ्यावर ठेवून वरून डबा दाबला. टाळ्या झाल्या, पण लग्नात अक्षता संपल्यावर नुसते हात हलवावेत तशा. हेडमास्तरांनी विजेत्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि म्हणाले, “उद्या पहाटे वेळेवर या. गेले कित्येक दिवस मागून तुमच्या चपलांचा आवाज ऐकून कंटाळलोय.” ओव्हरसिअर नुसतं “हं” म्हणाले. चहा न घेता घरी गेले. चहा न घेता ते कुठून गेल्याचं सोसायटीला आठवत नव्हतं.

झाडाचं काय झालं ते सांगते. चेअरमन झाल्याबरोबर ओव्हरसिअरनी टेप लावून आवार मोजलं, शेडचा नकाशा काढला आणि झाड तोडायच्या परवानगीसाठी महापालिकेत अर्ज दिला. तिथून एका खात्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, तिसऱ्यानं झाडाचा घेर विचारला, चौथ्यानं तो घेर कुणी मोजला ते विचारलं. माणसाचा जन्म सरकारी खात्यात गेलेला. ते चिडले नाहीत, उलट खुलले. सकाळी डबा घेऊन निघत ते संध्याकाळी परत येत. कित्येकदा सोबतीला हेडमास्तर असत, अर्जातलं शुद्धलेखन तपासायला. झाड तोडायच्या खटपटीत झाडवाल्यांचा पुढारी! कुणी टोकलं तर म्हणत, “मी फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरता आहे.”

शेवटी साहेब पाहणीला आले, पाच मिनिटं झाडाखाली उभे राहिले, चार जांभळं खाल्ली आणि दोन फांद्या छाटायची परवानगी देऊन गेले. शेड पलीकडच्या भिंतीला बांधली. ती लहान झाली, म्हणून उशिरा येणाऱ्यांच्या स्कूटर झाडाखालीच लागत राहिल्या. नेमकी चेअरमनची स्कूटर त्यांतच असे.

पुढं खूप वर्षांनी एकदा मी आणि काकू बसनं बुधवार पेठेत निघालो होतो. माझा मिक्सर बिघडला होता आणि त्यांना गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. बोलता बोलता विषय त्या निवडणुकीवर आला. एवढ्या वर्षांत मी त्यांना ते कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, आता विचारायला काय हरकत आहे?

“काकू, फार धीराच्या हो तुम्ही. भर सभेत एवढी माणसं बघत होती, आणि तुम्ही विणत बसलात.”

“धीर कसला?” त्या म्हणाल्या. “मी लिहिलंच नव्हतं.”

मी मिक्सर मांडीवर घट्ट धरला.

“मी तर हेडमास्तरांना मत दिलं होतं,” काकू शांतपणे म्हणाल्या. “मला जांभळं आवडतात.”

“मग ते ‘हे’?”

“हेडमास्तरांच्या घरातून आलेलं. चारच दिवसांनी त्यांची बायको लोणच्याची वाटी परत करायला आली तेव्हा तिनं मला सांगितलं, अगदी रडवेली होऊन. अहो, सकाळी टेकडीवरून आले की आमचे हे तिच्याकडे, संध्याकाळी पुन्हा तिच्याकडे. दोन्ही वेळा चहा, आणि चहाबरोबर काहीतरी खायला. तिला वाटलं, हे चेअरमन झाले तर कामाला लागतील, सकाळ-संध्याकाळ हिंडतील, तेवढी तिची सुटका. आणि हेडमास्तर निवडून आले असते तर सगळी सोसायटीच तिच्या बैठकीत चहाला! म्हणून मत यांना दिलं. मत देऊन गप्प बसायचं, तर राहवलं नाही, डाव्या हातानं खाली लिहून मोकळी झाली. तिच्या मनात आलंच नाही की ‘हे’ वाचून सगळे माझ्याकडे बघतील.”

म्हणजे हेडमास्तर हरले ते घरच्या मतानं. आणि त्या ‘हे’चं व्याकरण ओव्हरसिअरच बरोबर सांगत होते.

“मग तुम्ही काकांना खरं का नाही सांगितलंत?”

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. बस डेक्कनच्या पुलावर अडकून उभी होती.

“मी लिहिलं नाही, एवढं सांगणार होते. त्याच संध्याकाळी. पण मोजणीवरून घरी आले ते तसेच स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. तर म्हणाले, ‘मी फार असतो का गं मधेमधे?’ लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तोवर त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘असता की.’ मग म्हणाले, ‘डबे तुला हवे तसे लाव.’ आणि बसले भाजी निवडायला. मेथी होती. देठांसकट निवडली सगळी, पण निवडली.” त्या हसल्या. “त्यानंतर खरं सांगायचं राहूनच गेलं.”

“अजून माहीत नाही त्यांना?”

“नाही. आणि तुम्हीही सांगू नका हं. अजून रोज भाजी निवडून देतात.”

बस हलली. बुधवारात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानदारानं तो उघडून बघितला आणि विचारलं, “हा कुणी दुरुस्त केला होता आधी?” मी म्हटलं, आमच्या शेजारचे काका, ओव्हरसिअर होते. काकू तेव्हा दुकानाबाहेर उभ्या राहून चपला बघत होत्या. दुकानदार म्हणाला, “त्यांना सांगा, रस्त्यांपर्यंत ठीक आहे, मिक्सरला हात लावू नका.” मी तो निरोप कुणालाही दिला नाही.